नकाशात न दिसणारी गाय

नेब्रास्का राज्यातल्या सँडहिल्स प्रदेशाचा विसाव्या शतकाच्या मध्यावर काढलेला एखादा स्थलदर्शक नकाशा उघडला, की आधी डोळ्यांत भरतो तो तपकिरी रंग. समोच्च रेषांची वेटोळी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दाटलेली असतात. मधूनच निळी, वेड्यावाकड्या काठांची तळी. एखाद्या सखल पट्ट्याच्या कडेला चार-पाच काळे चौकोन आणि शेजारी कुणाच्या तरी आडनावापुढे ‘रँच’ हा शब्द. आणि सगळीकडे विखुरलेली बारीक वर्तुळं. त्यांच्याजवळ पुन्हा पुन्हा एकच शब्द छापलेला : विंडमिल, म्हणजे पवनचक्की.

हा सगळा मुलूख गुरांचा. इथली माणसं गुरांसाठी राहतात, गुरांसाठी वाटा पाडतात, गुरांसाठी हिवाळ्याचं गवत साठवतात. नकाशावर मात्र एकही गाय नाही. नकाशा जागच्या जागी राहणाऱ्या गोष्टींचा असतो आणि गाय चालते. तरीही चक्की कुठे उभारावी, वाट कुठून जावी, घर कुठे बांधावं, हे बहुतेक तिनेच ठरवलेलं आहे. तिची तहान आणि तिच्या पायांचा आवाका ध्यानात ठेवून हा नकाशा वाचायला बसलं, की त्यातून एक अख्खी जीवनपद्धती उलगडत जाते.

गवताने धरलेली वाळू

सँडहिल्स अमेरिकेच्या जवळजवळ मध्यावर आहे. क्षेत्रफळ सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अर्ध्या विदर्भाहून थोडं जास्त. वाळूच्या टेकड्यांचा पश्चिम गोलार्धातला हा सर्वांत मोठा प्रदेश. मोठ्या टेकड्या ४०० फुटांपर्यंत उंच आणि काही तर २० मैल लांब आहेत. वाळवंटातल्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकतात. या सरकत नाहीत, कारण त्यांच्यावर गवत आहे. गवताची मुळं गोधडीच्या टाक्यांसारखी ही वाळू जागच्या जागी धरून ठेवतात.

हे टाके कायमचे नाहीत. वाळूचा कण शेवटचा उन्हात केव्हा होता, हे मोजण्याची एक पद्धत भूशास्त्रात आहे. त्या पद्धतीने पाहिलं तेव्हा कळलं, की सुमारे हजार वर्षांपूर्वी लांबलेल्या दुष्काळात इथलं गवत करपलं होतं आणि टेकड्या पुन्हा चालू लागल्या होत्या. आजही एखाद्या जागचं गवत नाहीसं झालं, की वारा तिथे खळगा कोरू लागतो. इथले लोक त्याला ‘ब्लोआउट’ म्हणतात. तो वेळीच आवरला नाही तर वाढत जातो. म्हणजे या मुलखात गुरं पाळणं म्हणजे गवत खाऊ घालायचं, पण ते संपू द्यायचं नाही. नकाशावरच्या अनेक खुणांमागे हीच काळजी आहे.

विमान, चष्मा आणि पायपीट

अमेरिकेची भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्था, यूएसजीएस, १८७९ मध्ये स्थापन झाली आणि १८८४ पासून तिने देशाचे स्थलदर्शक नकाशे काढायला घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर १:२४,००० या प्रमाणाच्या मालिकेने जोर धरला. या प्रमाणात कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे २,००० फूट. प्रत्येक पत्रक साडेसात मिनिटं अक्षांशाचं आणि तेवढ्याच रेखांशाचं. सँडहिल्सच्या अक्षांशावर असं पत्रक साधारण १० किलोमीटर रुंद आणि १४ किलोमीटर उंच भूभाग दाखवतं. सगळा प्रदेश झाकायला अशी साडेतीनशेच्या आसपास पत्रकं लागतात. सलग ४८ राज्यांची ५०,००० हून अधिक पत्रकं पुरी व्हायला १९९२ उजाडलं.

काम सुरू व्हायचं आकाशातून. विमान सरळ रेषेत उडत छायाचित्रं घेई आणि प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्रातला सुमारे ६० टक्के भाग पुन्हा येई. एकच टेकडी दोन वेगळ्या जागांवरून टिपली गेल्यामुळे तिची उंची मोजता येते. आपले दोन डोळे अंतर ओळखतात ते याच तत्त्वावर. कचेरीतल्या यंत्रात एक छायाचित्र लाल आणि दुसरं निळसर हिरव्या प्रकाशात एकाच पाटावर पाडलं जाई. त्याच रंगांच्या काचांचा चष्मा घातला, की सपाट पाटावर टेकड्या उभ्या राहत. मग प्रकाशाचा एक बारीक ठिपका ठरावीक उंचीवर रोखून, तो जमिनीवरून न उचलता आणि जमिनीत न बुडवता, टेकडीभोवती फिरवायचा. ठिपक्याखालच्या पेन्सिलीने जी रेघ उमटे, ती समोच्च रेषा. सारख्या उंचीची ठिकाणं रेषेने जोडण्याची युक्ती चार्ल्स हटन या गणितज्ञाला १७७४ च्या एका प्रयोगातून सुचली होती. स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराची मोजमापं पृथ्वीची घनता काढण्यासाठी घेतली होती आणि त्या आकड्यांच्या जंजाळातून डोंगराचा आकार त्याला समजून घ्यायचा होता.

छायाचित्रातून उंची कळते, नाव कळत नाही. पाण्याची टाकी चालू आहे की कोरडी, घर नांदतं आहे की ओसाड, वाट गाडीची की नुसती जीपची, हे जमिनीवर जाऊनच ठरवावं लागे. त्यासाठी सर्वेक्षक दारोदार फिरत आणि खोऱ्यांची, तळ्यांची नावं तिथल्या माणसांना विचारून लिहून घेत. नकाशाची अचूकताही ठरवून दिलेली होती : तपासलेल्या ठळक खुणांपैकी ९० टक्के खुणा १:२४,००० च्या पत्रकावर खऱ्या जागेपासून ४० फुटांच्या आत असायला हव्यात. निर्जन कुरणातल्या एकाकी पवनचक्कीलाही हाच नियम.

कोरा कागद म्हणजे गवत

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट ज्यांनी हाताळली आहे, त्यांना हे रंग बरेचसे ओळखीचे वाटतील. तपकिरी म्हणजे उंची, निळा म्हणजे पाणी, हिरवा म्हणजे झाडी. दोन फरक मात्र चटकन जाणवतात. आपल्याकडे वस्ती लाल रंगात असते, अमेरिकी पत्रकावर घरं काळी. आणि आपल्या टोपोशीटवर शेतीला पिवळा रंग असतो. तिथे शेत असो की माळ, उघड्या जमिनीला रंगच नाही. त्यामुळे सँडहिल्सच्या पत्रकावर तपकिरी रेषांमागचा जो पांढरा कागद आहे, तेच या मुलखाचं सगळं धन, म्हणजे गवत.

आता रेषा वाचू. पुष्कळ मोठ्या टेकड्यांवर उत्तरेच्या अंगाला रेषा विरळ असतात आणि दक्षिणेच्या अंगाला एकमेकींना चिकटलेल्या. विरळ म्हणजे मंद चढ, दाट म्हणजे उभा उतार. वाळू उत्तर-वायव्येच्या वाऱ्याने हळूहळू वर चढली आणि माथ्यापलीकडे घसरून पडली, तो वारा शतकांपूर्वीचा. पण त्याची दिशा या रेषांत अजून वाचता येते.

काही बंद रेषांना आतल्या बाजूने बारीक दातेरी खुणा असतात. त्या टेकडी दाखवत नाहीत, खळगा दाखवतात. असा खळगा, ज्यातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. इतर प्रदेशांच्या नकाशांवर ही खूण शोधावी लागते, इथे ती जिकडेतिकडे दिसते. आणि मग आणखी एक नवल लक्षात येतं : पत्रकच्या पत्रक पाहिलं तरी ओढे जवळजवळ नाहीतच. वर्षाला ४५ ते ६० सेंटीमीटर पाऊस पडतो, मग तो जातो कुठे?

तो सरळ खाली जातो. वाळू त्याला वाहूच देत नाही. टेकड्यांखाली ओगलाला हा भूजलाचा प्रचंड साठा आहे. काही ठिकाणी पाण्याने भरलेल्या थराची जाडी हजार फुटांच्या घरात आहे. दोन टेकड्यांमधली जमीन जिथे या भूजलाच्या पातळीपेक्षा खाली जाते, तिथे ते पाणी उघडं पडतं आणि तेच तळं होतं. अशा कितीतरी तळ्यांना नकाशावर येणारा ओढा नाही आणि जाणाराही नाही. डिस्मल नदीसारख्या इथल्या नद्या झऱ्यांवर पोसल्या जातात, म्हणून वर्षभर जवळजवळ एकसारख्या वाहतात. काही तळ्यांचं पाणी इतकं खारं, की पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारं पोटॅश बंद झालं तेव्हा अँटिओक गावाजवळ त्यातून पोटॅश काढण्याचे कारखाने उभे राहिले. युद्ध संपलं, जर्मन माल परत आला आणि गाव रिकामं झालं.

पाण्यापासून मैलभर

तळ्यांच्या आसपासची ओलसर जमीन म्हणजे रँचचा जीव. तिथलं गवत उन्हाळ्यात कापायचं, वाळवायचं आणि त्याच्या गंजी रचायच्या, म्हणजे बर्फाच्या महिन्यांत गुरं जगतात. नकाशावर अशा सखल भागातून कधी कधी एक सरळ निळी रेघ जाते. जिथे निसर्गाने एकही सरळ रेघ काढलेली नाही तिथली ही सरळ रेघ माणसाने खणलेला चर आहे. साचलेलं पाणी काढून टाकून त्या जागी गवत कापता यावं म्हणून. घर, गोठा आणि गुरांचं वाडगं यांचे काळे चौकोन बहुधा अशाच जमिनीच्या कडेला दिसतात. तिथे पाणी जवळ, गवत जवळ आणि वाऱ्याला टेकडीचा आडोसा.

पण उन्हाळ्यात गुरं वर टेकड्यांत चरायची असतात आणि वर पाणी नाही. इथे पवनचक्की येते. वाऱ्याची दिशा आणि जोर पाहून आपोआप वळणारी व आवरणारी पवनचक्की डॅनियल हॅलडे याने १८५४ मध्ये तयार केली. पुढे १८८८ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या एअरमोटर कंपनीच्या पोलादी चक्क्या माळामाळावर उभ्या राहिल्या. चाक फिरलं की उभा दांडा वरखाली होतो, विहिरीतला पंप पाणी उपसतो आणि ते शेजारच्या गोल टाकीत पडतं. इंधन नाही, राखणदार नाही. सँडहिल्समध्ये भूजल फार खोल नाही आणि वाऱ्याला तोटा नाही, त्यामुळे ही जोडी इथे जशी जमली तशी क्वचितच कुठे जमली असेल.

चक्क्या किती अंतरावर? हे गाय सांगते. उन्हाळ्यात वासराच्या गाईला दिवसाला ५०-६० लिटर पाणी लागतं. चढउताराच्या रानात ती पाण्यापासून मैलभराच्या आतच नीट चरते. चक्क्या फार लांब लांब असल्या, तर टाकीजवळचं गवत मुळासकट तुडवलं जातं आणि दूरचं तसंच वाळून जातं. टाकीजवळ मग वाळू उघडी पडते, आणि उघड्या वाळूचं इथे काय होतं ते आपण पाहिलंच. म्हणून चक्क्या पसरून उभारायच्या आणि गुरांना चाटायचं मीठ मुद्दाम पाण्यापासून दूर ठेवायचं, म्हणजे ती सगळ्या रानात फिरतात.

हे नकाशावर पडताळून पाहता येतं. १:२४,००० च्या पत्रकावर एक मैल म्हणजे २.६४ इंच, साधारण पावणेसात सेंटीमीटर. कंपास घेऊन प्रत्येक चक्कीभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढत गेलं, की वर्तुळं एकमेकांत शिरतात आणि पांढरा कागद झाकत जातात. मध्ये जागा उरली तर तिथे तळं आहे का, ओली जमीन आहे का, हे बघावं. हजारो एकर वाळू आपल्या जागी राहिली आहे त्यामागे ही वर्तुळं आहेत.

लाल चौकटी

या सगळ्या वळणावळणाच्या आकृतीवर एक लाल जाळी ठामपणे पसरलेली असते. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेने आपल्या पश्चिमेकडच्या जमिनीची मोजणी चौकोनांत करायचं ठरवलं. सहा मैल लांब-रुंद चौकोन म्हणजे एक टाउनशिप. तिचे एकेक मैलाचे ३६ तुकडे, प्रत्येक ६४० एकरांचा. आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेला जातात, खालच्या ओळीत पूर्वेला परततात आणि असे वळत वळत आग्नेय कोपऱ्यात ३६ वर थांबतात. नेब्रास्कात १६ आणि ३६ क्रमांकाचे तुकडे शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवले होते. टेकड्यांना या जाळीची काही पर्वा नाही. कुंपणांना मात्र आहे. नकाशावर कुंपणाची बारीक लाल रेघ टेकडीच्या माथ्यावरून, उतारावरून, खळग्यातून सरळ जाते, कारण ती मालकीची रेघ आहे. वाटा तसं करत नाहीत. तुटक दुहेरी रेघांच्या त्या वाटा सखल भागातून वळसे घेत एका चक्कीकडून दुसरीकडे जातात.

कुंपण आणि वाट यांच्यातल्या या विसंगतीत इथला इतिहास आहे. ही भूमी मूळच्या लकोटा आणि पॉनी लोकांची, त्यांच्या गव्यांच्या शिकारीची. त्यांना हटवल्यावर गुरांचे मोठे मालक नायोब्रारा नदीकाठी आले, पण टेकड्यांत शिरायला ते भीत. १८७९ च्या वसंतातल्या वादळात न्यूमन यांच्या रँचची गुरं टेकड्यांत भरकटली. त्यांना शोधायला गेलेल्या गुराख्यांना ती धष्टपुष्ट सापडली, आणि त्यांच्यासोबत मालकाचा डाग नसलेली आणखी गुरंही. मग टेकड्यांत कुरणं पसरली. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचं पेटंट घेतलं होतं. त्या तारेने काहींनी सरकारी जमिनीलाही वेढे घातले. स्पेड रँचचे बार्टलेट रिचर्ड्स यांना त्याबद्दल शिक्षा झाली आणि ती भोगत असतानाच १९११ मध्ये ते वारले.

सरकारला इथे छोटे शेतकरी हवे होते. १८६२ च्या कायद्याने कुटुंबाला १६० एकर जमीन मिळे, पण या वाळूत तेवढ्यावर भागेना. म्हणून मोझेस किंकेड यांच्या १९०४ च्या कायद्याने पश्चिम नेब्रास्कात ती ६४० एकर केली. हिशेब तरीही जुळला नाही. इथे एका गाईला वर्षभरासाठी साधारण १५ ते २० एकर लागतात. म्हणजे एका चौकटीवर जेमतेम तीस-चाळीस गाई. नांगर घातला तर वाळू उडे. कुटुंबं विकून गेली, चौकटी जोडल्या जाऊन रँच मोठ्या झाल्या. नॉर्थ लूप नदीकाठी १९०७ मध्ये वसलेली डेविटी ही कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्तीही १९३० च्या दशकात उठली. लाल चौकटींचे आकडे नकाशावर छापलेले राहिले. त्यांच्यावर जगू पाहणारी घरं मात्र तुरळकच उरली.

निशाण आणि रूळ

उरलेल्या घरांतली मुलं कुठे शिकत? मैलोगणिक काही नसलेल्या माळावर अचानक एक काळा चौकोन दिसतो आणि त्यावर बारीक निशाण. ती शाळा, बहुतेक एका खोलीची, एका बाईंची. शेजारी गाव नाही, दुकान नाही. चार-सहा रँचच्या मुलांना घोड्यावरून किंवा गाडीतून येता येईल अशी मधली जागा पाहून बांधलेली. सँडहिल्समधल्या चेरी काउंटीचा आकार जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढा आणि आज तिथे सहा हजारांहूनही कमी माणसं राहतात, हे लक्षात घेतलं की त्या निशाणाचं महत्त्व कळतं.

ही अंतरं काय करू शकतात, ते जानेवारी १९४९ मध्ये दिसलं. हिमवादळामागून हिमवादळं आली, वाटा बुजल्या, रँच एकमेकींपासून तुटल्या. सैन्याने ‘ऑपरेशन स्नोबाउंड’ हाती घेतलं. बुलडोझरने वाटा मोकळ्या केल्या आणि अडकलेल्या गुरांसाठी विमानांतून गवताचे गठ्ठे टाकले गेले.

काही पत्रकांवर एक आडवी काळी रेघ जाते. हा बर्लिंग्टन रेल्वेचा मार्ग, १८८८ मध्ये अलायन्सपर्यंत पोचलेला. मलन, हायॅनिस, एल्सवर्थ ही गावं त्या रुळांवर ओवलेली आहेत. शरद ऋतूत रानातली गुरं इथे आणली जात आणि इथून पूर्वेच्या बाजारांकडे रवाना होत. राज्याच्या पूर्व टोकाला असलेल्या ओमाहाच्या गुरांच्या बाजाराने १९५५ मध्ये शिकागोला मागे टाकलं आणि तो देशातला सर्वांत मोठा बाजार ठरला. नकाशावरची निर्जन वाटणारी वाट शेवटी त्या बाजाराला मिळते.

पुढचे नकाशे

पुढच्या काळात जुन्या पत्रकांवर जांभळा रंग आला. नवी विमानचित्रं पाहून, प्रत्यक्ष जागेवर न जाता जे बदल टिपले, ते जांभळ्या रंगात छापले जात. २००९ पासून यूएसजीएसची नवी डिजिटल पत्रकं निघू लागली. ती संगणकातल्या माहितीसाठ्यांवरून तयार होतात आणि त्यात पवनचक्की दाखवलेली नसते, कुंपण नसतं, माळावरची सुटी घरंही नसतात. अनेक ठिकाणी चक्कीची जागा आता सौरपंपाने घेतली आहे. त्यामुळे शेकडो मैलांच्या कुरणात पाणी कुठे कुठे पाजलं जात होतं, याची एकसारख्या नियमाने, जागेवर जाऊन केलेली नोंद पाहायची तर त्या जुन्या कागदांकडेच वळावं लागतं.

हे कागद आज कुणालाही मोफत पाहता येतात. यूएसजीएसने १८८४ पासूनचे आपले पावणेदोन लाखांच्या आसपास नकाशे स्कॅन करून ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावर ठेवले आहेत. मुंबईत किंवा नांदेडमध्ये बसून हायॅनिसच्या आसपासचं एखादं पत्रक उघडावं, पावणेसात सेंटीमीटरचा कंपास लावावा आणि वर्तुळं काढत जावं. चक्क्यांच्या या जागा कुठल्याही कचेरीत आखल्या गेल्या नाहीत. एकेका कुटुंबाने गुरं कुठे थकतात, गवत कुठे विरळ होतं, हे वर्षानुवर्षं पाहून त्या ठरवल्या. सर्वेक्षकाने तिथवर चालत जाऊन त्या खऱ्या आहेत याची खात्री केली. या दोन प्रकारच्या चिकाटीची गाठ एका कागदावर पडली, म्हणून वाळू, गवत, गाय आणि माणूस यांच्यातला करार आज परदेशातल्या वाचकालाही पट्टी-कंपासने तपासून पाहता येतो.